सेवारत स्त्रियांचे सुईण-शिक्षण : पूर्वानुभवाच्या मोजमापाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

डिसेंबर २०१८ मध्ये भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने देशातील प्रसाविका-सेवेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परिचर्येची पदविका वा पदवी घेतलेल्या आणि प्रसूतीच्या कामाचा निदान दोन वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकांना अठरा महिन्यांचे नवे शिक्षण देऊन प्रसाविका करावयाचे, हा या योजनेचा गाभा होय. वरवर पाहता ही एक साधी प्रशासकीय सुधारणा वाटते. परंतु थोडा विचार केला असता तीत एक कोडे दडलेले दिसते. ज्या परिचारिकांना प्रसाविका करावयाचे, त्यांची नोंदणी ‘परिचारिका व प्रसाविका’ अशा जोड-उपाधीनेच पूर्वी झालेली होती. कायद्याच्या दृष्टीने जी प्रसाविका होती, तिलाच पुन्हा दीड वर्ष प्रसाविकेचे शिक्षण देण्याची पाळी शासनावर का यावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते. आपल्याकडे सुईणपणाचे औपचारिक शिक्षण बव्हंशी अशा स्त्रियांना दिले गेले की, ज्या आधीपासूनच आरोग्याच्या कोणत्या ना कोणत्या कामात होत्या. प्रथम परंपरागत सुईण, नंतर रुग्णालयातील परिचारिका, आणि त्यानंतर उपकेंद्रावरील नर्सबाई. यांपैकी प्रत्येकीच्या पदरी काही अनुभव होता. तो अनुभव शिक्षणक्रमात कसा मोजावयाचा, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभा राहिला. त्या मोजमापाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अनुभव कोणाचा आहे यावरून त्याची किंमत ठरत गेली, तो अनुभव प्रसूतीच्या कामाचा आहे की नाही यावरून ती क्वचितच ठरली, आणि याच कारणाने सुईणपण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आपल्याकडे उभा राहू शकला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभी शब्दांविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत ‘सुईण’ हा जुना शब्द. उत्तरेकडील ‘दाई’ हा शब्द सरकारी कागदपत्रांतून आपल्याकडेही रूढ झाला. ‘प्रसाविका’ हा शब्द प्रमाणपत्रधारक स्त्रीसाठी शासकीय परिभाषेने घडविला. काम एकच असताना प्रमाणपत्रापूर्वी एक आणि प्रमाणपत्रानंतर दुसरे अशी दोन नावे भाषेत असावीत, ही गोष्टच पुढील विवेचनाची सूचक आहे.

२. दाईंचे वर्ग

मद्रास येथील शासकीय प्रसूतिगृह १८४४ साली सुरू झाले आणि १८५४ मध्ये तेथे प्रसाविकांच्या शिक्षणाची शाळा निघाली. हे शिक्षण रुग्णालयाच्या भिंतींच्या आत चाले. बाहेर खेड्यापाड्यांत आणि शहरांतील पडदानशीन कुटुंबांत बाळंतपणे सुईणीच करीत. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मांग, न्हावी इत्यादी जातींतील स्त्रियांकडे हे काम वंशपरंपरेने असे. नाळ कापणे व वार हाताळणे ही कामे सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांमुळे अपवित्र मानली जात, म्हणून ज्ञान जिच्या हाती, तिला प्रतिष्ठा नाही, अशी विपरीत स्थिती होती.

या स्त्रियांनाच शिकवावे हा विचार प्रथम पंजाबात मूळ धरू लागला. अमृतसर येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाईंना शिकविण्याचे प्रयत्न झाले. झेनाना मिशनच्या कु. ह्यूलेट यांचे नाव या कामाशी निगडित आहे. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी स्थापन झाला. स्त्री-डॉक्टरांबरोबरच परिचारिका व प्रसाविका तयार करणे हे त्याच्या उद्दिष्टांत होते. मुंबईत एडिथ पेची १८८३ च्या अखेरीस आल्या, आणि १८८६ मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रियांनी चालविलेल्या अशा रुग्णालयांमुळे शिक्षणासाठी आवश्यक असलेली जागा उपलब्ध झाली.

खास दाईंसाठी अखिल भारतीय स्वरूपाची योजना मात्र १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी स्थापलेल्या व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीने आणली. या निधीच्या वतीने भारतातील बाळंतपणाच्या परिस्थितीविषयी १९१८ साली एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ठिकठिकाणच्या स्त्री-डॉक्टरांनी आपले अनुभव नोंदविले आहेत. दाई वर्गाला येत नाही, आली तर टिकत नाही, टिकली तरी शिकविलेले आचरणात आणीत नाही, असा त्यांचा एकंदर सूर आहे. सुईणीचे स्वतःचे म्हणणे मात्र डॉक्टरांच्या लेखणीतूनच आपल्यापर्यंत पोहोचते.

ही साक्ष काळजीपूर्वक वाचावयास हवी. प्रसूतिज्वराने बाळंतिणी आणि धनुर्वाताने नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती, हे खरे आहे. अस्वच्छ हात आणि अस्वच्छ हत्यार ही त्याची कारणे होत, हेही खरे आहे. साबण, उकळलेले पाणी, स्वच्छ कात्री आणि दोरा यांचे शिक्षण देणे हे म्हणूनच तातडीचे होते. परंतु दाई वर्गाला का येत नसे, याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. ती हातावर पोट असलेली कामकरी स्त्री होती. वर्गात घालविलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी वा हातचे गेलेले बाळंतपण. म्हणूनच अनेक ठिकाणी उपस्थितीबद्दल पैसे द्यावे लागले. या खर्चाकडे प्रवर्तकांनी लाच म्हणून पाहिले. काम करीत शिकणाऱ्या व्यक्तीला तिच्या बुडणाऱ्या वेळेचा मोबदला देणे, ही आज सेवांतर्गत शिक्षणाची पहिली अट मानली जाते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या वर्गांत दाईच्या अनुभवाची नोंद ‘दोष’ या एकाच सदरात होई. तिला काय करू नये हे शिकविण्यात आले. तिला काय येते, हे विचारण्याची सोय अभ्यासक्रमात नव्हती. वर्ग पूर्ण करूनही ती प्रसाविका होत नसे. ती ‘शिक्षित दाई’ होई. ही एक निराळी आणि खालची पायरी होती, आणि तेथून वर जाण्याचा जिना बांधलेला नव्हता.

३. इंग्लंडमधील कायद्याचे उदाहरण

अनुभवी पण अशिक्षित सुईणींचा प्रश्न एकट्या भारताचा नव्हता. ज्या देशाच्या राज्यकर्त्यांनी हे वर्ग काढले, त्या देशापुढेही तो त्याच वर्षांत उभा होता, म्हणून तेथे काय झाले ते पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंड व वेल्ससाठी १९०२ साली सुईणींचा कायदा झाला. त्याने एक मध्यवर्ती मंडळ स्थापून नोंदवही सुरू केली. पुढे परीक्षा दिल्यावाचून या नोंदवहीत नाव येणार नव्हते. परंतु जी स्त्री कायद्यापूर्वी निदान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसाय करीत होती आणि जिच्या चारित्र्याची ग्वाही मिळाली, तिला ठराविक मुदतीत परीक्षेवाचून नोंदणी मिळाली. १९०५ च्या सुमारास नोंदवहीतील निम्म्याहून अधिक नावे अशाच अनुभवी स्त्रियांची होती. या स्त्रियांविषयी तेथील डॉक्टरांचे मत आपल्याकडील दाईंविषयीच्या मताहून फारसे वेगळे नव्हते. तरीही कायद्याने त्यांना तपासणीखाली आणले, पण व्यवसायातून काढले नाही. त्या पिढीबरोबर हा वर्ग हळूहळू संपला आणि त्याची जागा शिक्षित सुईणींनी घेतली. व्यवसायाची सलगता मात्र तुटली नाही.

याच कायद्याखाली दुसऱ्या प्रकारच्या पूर्वानुभवाचेही मोजमाप झाले. प्रशिक्षित परिचारिकेला सुईणपण शिकावयास किती काळ लागावा? प्रारंभी शिक्षणाचा काळ सर्वांनाच तीन महिन्यांचा होता. पुढे तो वाढत गेला, तसा परिचारिकेला सूट देण्याचा प्रघात पडला. १९३८ पासून नव्याने येणाऱ्या स्त्रीला दोन वर्षे आणि परिचारिकेला एक वर्ष, असे प्रमाण ठरले. रुग्णशय्येजवळ घालविलेली वर्षे अशा रीतीने महिन्यांत रूपांतरित होऊन वजा झाली.

या वजाबाकीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अनेक परिचारिकांनी हे प्रमाणपत्र बढतीची एक पायरी म्हणून घेतले. मेट्रन वा आरोग्य-अभ्यागत व्हावयाचे तर ते उपयोगी पडे. शिक्षण घेणाऱ्यांची संख्या वाढली, परंतु त्यांतील पुष्कळजणी सुईण म्हणून कामाला राहिल्याच नाहीत. भारताने या इंग्रजी व्यवस्थेतील अनुभवी सुईणीच्या नोंदणीचे तत्त्व घेतले नाही. परिचारिकेच्या जोड-प्रमाणपत्राची प्रथा मात्र उचलली, आणि तिच्याबरोबर हा परिणामही आपल्याकडे आला.

४. परिचारिकेचे दार

महाराष्ट्रात परिचर्येच्या व्यवसायाला मध्यमवर्गीय घरात प्रवेश मिळवून देण्याचे श्रेय पुणे सेवासदनाकडे जाते. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने ही संस्था स्थापन झाली, आणि लवकरच तिने ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचारिका व प्रसाविका म्हणून शिकण्यास पाठविले. त्यांत तरुण विधवांचा भरणा मोठा होता. परजातीच्या रुग्णाचा स्पर्श, पुरुषांच्या कक्षातील काम, रात्रपाळी या सर्व गोष्टींवर तत्कालीन समाजात किती टीका झाली असेल, याची कल्पना करता येते. रुग्णालयाजवळ वसतिगृह उघडून संस्थेने या टीकेला कृतीने उत्तर दिले. ज्या कामाला सुईणीच्या हातून प्रतिष्ठा मिळत नव्हती, त्याला गणवेश, वसतिगृह आणि प्रमाणपत्र यांच्या योगाने ती मिळू लागली. या लाभाची एक दुसरी बाजूही होती. प्रतिष्ठेचा मार्ग आता रुग्णालयातून जात होता, आणि रुग्णालयाबाहेरील सुईण त्या मार्गावर कोठेच नव्हती.

मुंबई प्रांतात १९३५ साली परिचारिका, प्रसाविका व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याच्या नावातच तीन व्यवसाय स्वतंत्रपणे निर्देशिलेले आहेत. १९४७ साली अखिल भारतीय परिषद स्थापणारा कायदा झाला, तो प्रसाविकांच्या शिक्षणालाही लागू होता. परंतु त्याच्या नावात केवळ परिचर्या उरली. हा नामबदल जाणूनबुजून झाला, असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि पुढील सत्तर वर्षांत जे घडले, त्याचे चित्र त्यात उमटले आहे.

घडले ते असे. परिचारिकेने प्रथम परिचर्येचे शिक्षण घ्यावयाचे आणि त्याला काही महिन्यांच्या प्रसूतिशिक्षणाची जोड द्यावयाची, हा क्रम रूढ झाला. पुढे हे महिने मूळ अभ्यासक्रमातच मिसळले. पुरुष परिचारकांना त्याऐवजी दुसरा विषय घेण्याची मुभा असे, यावरून प्रसूतिशास्त्राकडे व्यवसायाचा गाभा म्हणून नव्हे, तर एक बदलता येण्याजोगा विषय म्हणून कसे पाहिले गेले, ते कळते. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत प्रसूतिकक्षात वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही ठराविक संख्येने प्रसूती कराव्या लागत, त्यामुळे परिचारिका-विद्यार्थिनीच्या वाट्याला स्वतंत्र जबाबदारी कमी येई. नोकरीत लागल्यानंतर ती आज प्रसूतिकक्षात, तर सहा महिन्यांनी शस्त्रक्रियागृहात अशी फिरत राही. नोंदणी राहिली, कौशल्य विरत गेले. आरंभी मांडलेल्या कोड्याचे निम्मे उत्तर येथे मिळते.

५. उपकेंद्रावरील नर्सबाई

उरलेले उत्तर ग्रामीण भागात शोधावे लागते. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. त्या वेळी मातामृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या घरात मृत्यू, असा तिचा अंदाज होता. वर्षाला शंभर प्रसूतींमागे एक या हिशेबाने एक लाख प्रसाविका हव्या होत्या. प्रत्यक्षात सुमारे पाच हजार होत्या. ही दरी लगेच भरणे अशक्य असल्यामुळे दाईंना शिकवून त्यांचा उपयोग करणे काही काळ अपरिहार्य आहे, असेही समितीने मान्य केले.

१९५०–५१ नंतर या दरीवर उपाय म्हणून सहायक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. खेड्यातील लोकांनी ‘नर्सबाई’ या नावाने ओळखलेली स्त्री ती हीच. तिच्या कामात प्रसूती केंद्रस्थानी होती. परंतु १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्यसेवकांची कल्पना मांडली, आणि नर्सबाई ही महिला आरोग्यसेविका झाली. तिचे शिक्षण १९७७ मध्ये चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आले. लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, हिवतापाच्या नोंदी आणि असंख्य नोंदवह्या यांच्या भाराखाली प्रसूतीचे काम मागे पडत गेले. अनुभवी सेविकेला सहा महिन्यांचे शिक्षण देऊन बढती देण्याची सोय होती. पण ती बढती पर्यवेक्षणाच्या पदावर होई. चांगली प्रसाविका होण्याचे बक्षीस म्हणून तिला प्रसूतीच्या कामापासून दूर नेले जाई.

गंमत अशी की, याच सुमारास दाई पुन्हा शासनाच्या दृष्टिपथात आली. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत हजार लोकसंख्येमागे एक शिक्षित दाई असावी, असे ठरले. शिक्षण तीस दिवसांचे; आठवड्यातील दोन दिवस केंद्रावर, उरलेले दिवस सेविकेबरोबर शक्यतो स्वतःच्याच गावात; विद्यावेतन तीनशे रुपये; मार्गदर्शनाखाली निदान दोन प्रसूती; शेवटी प्रमाणपत्र व साहित्याची पेटी. व्हिक्टोरिया निधीच्या काळाशी तुलना करता यात शहाणपण दिसते. वेळेचा मोबदला आणि शिकणारीच्या गावातच शिक्षण, ही दोन्ही तत्त्वे येथे मान्य झाली आहेत. उणीव एकच आणि ती जुनीच होती. तीस दिवसांनंतर पुढे काय, याला योजनेत उत्तर नव्हते.

शिक्षण तीस दिवसांत न संपविता कामाबरोबर वर्षानुवर्षे चालू ठेवले तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. त्या गावी काम करीत आणि ठराविक दिवशी केंद्रावर येऊन, घडलेल्या प्रसंगांची चर्चा करीत पुढचे शिकत. गर्भवतीची तपासणी, सुरक्षित प्रसूती आणि धोक्याची लक्षणे ओळखून वेळीच रुग्णालयात पाठविणे, हे त्यांनी याच रीतीने आत्मसात केले. येथे शिकणारीचा अनुभव हाच पाठाचा आरंभ होता. शासनाच्या अभ्यासक्रमांत मात्र या पद्धतीला स्थान मिळाले नाही.

६. नवे वळण

२००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि प्रसाविका व प्रसूतितज्ज्ञ यांच्या आंतरराष्ट्रीय संघटना यांनी संयुक्त निवेदनाद्वारे ‘कुशल प्रसूतिसेविके’ची व्याख्या केली. तीत परंपरागत सुईण, मग ती शिक्षित असो वा नसो, बसत नव्हती. २००५ साली आलेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीला पैशाचे प्रोत्साहन दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५–०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. २०१८–२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले होते. भोर समितीच्या अंदाजाशी हे आकडे ताडून पाहिले, तर झालेल्या प्रगतीविषयी शंका राहू नये. दाईच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे आकडे नजरेआड करणे योग्य नव्हे.

परंतु प्रसूती रुग्णालयात आली, तेव्हा तिला सांभाळणारी प्रसाविका तेथे नव्हती. होती ती गर्दी, आणि जोड-उपाधी धारण करणारी, दर काही महिन्यांनी बदलणारी परिचारिका. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५–१६ मधील १७.२ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर चढले. स्वाभाविक प्रसूतीची धीराने सोबत करणाऱ्या व्यावसायिक स्त्रीची उणीव अशा वेळी जाणवू लागली. तेलंगणात २०१७ साली सेवेतील परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि पुढील वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या कायद्याने १९४७ मध्ये कायद्याच्या नावातून गळलेला शब्द परत आणला.

७. उपसंहार

या इतिहासातून काही गोष्टी निष्पन्न होतात असे वाटते. पूर्वानुभवाचे मोजमाप आपल्याकडे संस्थेच्या मापाने झाले. परिचारिकेची रुग्णालयातील वर्षे, मग ती कोणत्याही कक्षातील असोत, शिक्षणाचा काळ कमी करण्यास उपयोगी पडली. सुईणीची वर्षे, ती केवळ प्रसूतीच्याच कामाची असूनही, हिशेबात आली नाहीत. २०१८ च्या योजनेने दोन वर्षांच्या प्रसूति-अनुभवाची अट घालून या मापात एक महत्त्वाची दुरुस्ती केली आहे. अनुभव कोठला, याबरोबर अनुभव कशाचा, हेही ती विचारते. तथापि तिचे दार परिचारिकेसाठीच उघडे आहे. जी पिढी घरोघरी बाळंतपणे करीत आली, तिच्यासाठी ते उघडण्याची वेळ बहुधा निघून गेली आहे. इंग्लंडने १९०२ मध्ये जे केले, ते आपल्याला १९३५ वा १९४७ मध्ये करता आले असते. ते न केल्यामुळे व्यवसायाची सलगता तुटली, आणि सत्तर वर्षांनी तो नव्याने उभारावा लागत आहे.

नव्या योजनेचे यश अठरा महिन्यांच्या शिक्षणापेक्षा त्यानंतरच्या अठरा वर्षांवर अवलंबून राहील. शिकलेल्या प्रसाविकेला प्रसूतीच्याच कामात राहू दिले, तिची बढती तिला त्या कामापासून दूर नेणार नाही अशी पायरी निर्माण केली, आणि तिच्या निर्णयाला डॉक्टरांच्या बरोबरीने कक्षात मान मिळाला, तरच ती प्रसाविका राहील. एरव्ही तिच्या जुन्या उपाधीला आणखी एक उपाधी जोडली जाईल एवढेच. सहायक परिचारिका-प्रसाविकेचे जे झाले, त्याची पुनरावृत्ती होण्यास त्यापेक्षा अधिक काही लागत नाही.

संशोधनाच्या दृष्टीने एक काम अद्याप करण्यासारखे आहे. १९७७ च्या योजनेत शिकलेल्या अनेक दाया आज वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या घरी ती पेटी आणि ते प्रमाणपत्र अजून असेल. तीस दिवसांत त्या काय शिकल्या, याच्या नोंदी शासनाकडे सापडतील. त्यांना आधीपासून काय येत होते, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल. १९१८ च्या पुस्तकातील उणीव भरून काढण्याची ही शेवटची संधी आहे, आणि विभागातील विद्यार्थ्यांनी ती दवडू नये.